बाराव्या पतंगाचं पोट

शनिवारी दुपारी पावणेदोनला किडेसाहेब संग्रहालयाच्या फाटकाशी उभे होते. त्यांच्या हातात काड्यापेटीएवढी एक डबी होती, डबीत टाचणीवर एक पतंग होता आणि त्यांच्या पोटात भीतीचा गोळा होता. या तिन्ही गोष्टी एकत्र घरी न्यायची वेळ त्यांच्यावर नोकरीत पहिल्यांदाच आली होती.

फाटकवाल्याने पास उलटसुलट करून पाहिला. "पतंग? मग दोरा कुठाय?"

"तो उडवायचा पतंग नव्हे हो. दिव्यावर येतो ना, तो. मेलेला आहे."

"कधी मेला?"

"बावीस वर्षं झाली."

फाटकवाल्याने दुःखाने मान हलवली आणि वहीत लिहिलं, 'पतंग, मयत, एक नग'. मग पेन कानामागे खोचत तो म्हणाला, "सोमवारी एक नग परत आला पाहिजे. कमी आला तर तुम्ही अडकाल, जास्त आला तर मी अडकेन."

किडेसाहेब "हो हो" म्हणाले खरे, पण डबी त्यांनी छातीशी घट्ट धरली. कारण सोमवारी हा नग दोन तुकड्यांत परत येणार होता, आणि ते तुकडे त्यांनाच करायचे होते.

किडेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव आता फक्त हजेरीपटात उरलं होतं. संग्रहालयाच्या कीटक विभागात अठ्ठावीस वर्षं नमुने टाचणं, त्यांना चिठ्ठ्या लावणं, कपाटात डांबराच्या गोळ्या टाकणं आणि वरून फोन आला की उभं राहून बोलणं, हे त्यांचं काम. या अठ्ठावीस वर्षांत त्यांनी स्वतःचं म्हणून एकच मत बाळगलं होतं, आणि ते मत त्या डबीत होतं.

त्याचं असं होतं. विभागाच्या एका खणात एकाच प्रजातीचे, म्हणजे एकाच घराण्याचे म्हणा, पतंग होते. राखाडी पंख, पंखांवर नागमोडी रेघा, मधे एकेक काळा ठिपका. भिंतीवर बसले की भिंतीचा पोपडा वाटावेत. विद्वानांनी या घराण्यात अकरा जाती मोजल्या होत्या, आणि अकराही जाती एकमेकींसारख्या इतक्या, की त्यांच्या आयांनीही चिठ्ठी वाचूनच ओळखल्या असत्या. बावीस वर्षांपूर्वी संग्रहालयाच्या मागच्या भिंतीवरच्या दिव्यावर एक पतंग आला. किडेसाहेबांनी तो स्वतः टाचला, भिंगातून पाहिला, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हा बारावा!" त्या वेळचे मोठे साहेब यावर इतके हसले, की त्यांना पाणी द्यावं लागलं. "अहो, हा अकरातलाच कुणीतरी आहे. रंग उडालाय बिचाऱ्याचा," असं म्हणून त्यांनी तो पतंग 'किरकोळ' असं लिहिलेल्या खणात टाकायला लावला. तेव्हापासून दर महिन्याला किडेसाहेब तो खण उघडत, पतंगाकडे पाहत आणि खण बंद करत. मोठे साहेब निवृत्त झाले, पण तसा पुन्हा कुणाला सापडला नाही. जगात होता तो हा एकच.

आणि आता या घराण्याचा सगळा हिशोब नव्याने लिहिणाऱ्या तज्ज्ञ बाई सोमवारी येणार होत्या. एका दिवसासाठी. पुस्तक छपाईला निघालं होतं. बाईंनी आधीच कळवलं होतं, "पंखांवरून मी काही मानणार नाही. पोटाचा भाग वेगळा करून, स्वच्छ करून ठेवा." बारावा ठरला तर किडेसाहेबांच्या पतंगाला नाव मिळणार होतं. नाही ठरला तर 'किरकोळ' खण होताच. आणि पोट काढताना हात हलला, तर पतंगही जाणार होता आणि बहुधा किडेसाहेबही.

इथे एक नाजूक गोष्ट सांगितली पाहिजे. विद्वान लोक पतंगाची जात ज्या अवयवांवरून ठरवतात ते पोटाच्या अगदी टोकाला असतात, आणि ते अवयव म्हणजे संसारी माणसाने चारचौघांत ज्यांचं नाव घेऊ नये तेच. नराला तिथे चिमट्यासारखे आकडे असतात, प्रत्येक जातीचे वेगळे. किडेसाहेबांनी अठ्ठावीस वर्षांत त्या अवयवांचं नाव एकदाही मोठ्याने उच्चारलं नव्हतं. ते नुसतं 'पोट' म्हणत. पुढचा सगळा घोटाळा या सभ्यपणातून झाला.

विभागातला सूक्ष्मदर्शक दुरुस्तीला गेला होता आणि त्याचा अर्ज तीन प्रतींत नसल्यामुळे तो तिकडेच राहिला होता. घरी मात्र लेकीचा कॉलेजातला जुना सूक्ष्मदर्शक होता. लेक नोकरीला परगावी, यंत्र माळ्यावर. म्हणून हा पास, ही डबी. फक्त बायकोला सांगायची सोय नव्हती. सात वर्षांपूर्वी संग्रहालयातल्या एका नमुन्याबरोबर आलेल्या कसरीने तिची लोकरीची शाल चाळणी करून टाकली होती. तेव्हा तिने जाहीर केलं होतं, "किडा या घरात येणार नाही. मेलेलासुद्धा नाही! काय एकेक नग माझ्याच नशिबी येतो!" यातला शेवटचा नग म्हणजे कसर नव्हे, हे किडेसाहेबांच्या लक्षात आलं होतं.

तेव्हा डबी पुस्तकांच्या मागे लपली आणि किडेसाहेबांनी संध्याकाळी कात्रीवाल्यांना फोन लावला. कात्रीवाले म्हणजे विभागातले जुने सहकारी. पतंगांची पोटं काढण्यात त्यांचा हात धरणारा नव्हता. आता निवृत्त झाले होते आणि ऐकू कमी यायचं, त्यामुळे त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडावं लागे. किडेसाहेबांनी मागच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि ओरडले.

"पोट उघडायचंय! पोट! हो, उद्याच! ... नाही, दुसरं कोणी नाही, मलाच करावं लागणार! ... भीती वाटते हो! हात थरथरतात! एकच आहे, गेलं तर परत मिळायचं नाही! ... काय? कान? हो, ते माहितेय मला, पोट काढलं की कानही त्याच्याबरोबरच जाणार!"

यात खोटं काहीच नव्हतं. या कुळातल्या पतंगांचे कान पोटाच्या मुळाशीच असतात. पण ही माहिती स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बायकोला नव्हती. तिच्या हातातला डाव खाली पडला. आठवडाभर नवरा धड जेवत नव्हता, पोटावर हात धरून येरझाऱ्या घालत होता, आणि विचारलं की "काही नाही, काही नाही" म्हणत होता. ते 'काही नाही' काय होतं ते तिला आता कळलं.

अर्ध्या तासात ते सगळ्या इमारतीला कळलं.

पहिले आले शेजारचे मोजणीदार. जमीनमोजणीच्या खात्यात होते, आणि कुठलीही गोष्ट चारी बाजूंनी मोजल्याशिवाय सोडत नसत. त्यांनी जिन्यातच किडेसाहेबांना गाठलं आणि आवाज उतरवून म्हणाले, "ऐकलं मी. भिंतीतून सगळं ऐकू आलं."

किडेसाहेब गारठले. "हिला नका हो सांगू. घरात ठेवायची नाही ती मला."

"छे छे, असं कसं बोलता? कधी उघडायचं ठरलंय?"

"उद्या सकाळी. मागच्या खोलीत."

"घरी? आणि कोण उघडणार?"

"मीच. खात्यात आता कोणी उरलं नाही."

मोजणीदारांनी कठड्याला धरलं. "भूल वगैरे?"

"आता कसली भूल? जीव जाऊन बावीस वर्षं झाली."

 मोजणीदारांनी किडेसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही आराम करा," असं म्हणून ते थेट तळमजल्यावर नर्सबाईंकडे गेले. नर्सबाई निवृत्त होत्या, पण इमारतीतल्या प्रत्येकाचं दुखणं अजून त्यांच्याच देखरेखीखाली असे. त्यांनी सगळं ऐकून निदान केलं, "पोटाचं डोक्यात गेलंय. असं होतं. वाद घालायचा नाही, धारदार काही हाती लागू द्यायचं नाही, आणि नजर ठेवायची."

रविवारी सकाळी किडेसाहेबांना दाढीचं ब्लेड मिळेना. सुरी मिळेना. बायकोच्या शिवणाच्या डब्यातली कात्रीसुद्धा गायब होती. बायकोचे डोळे सुजलेले होते आणि ती त्यांच्याशी इतक्या गोड आवाजात बोलत होती, की त्यांना वाटलं, हिला डबी सापडली. पुस्तकांमागे हात घालून पाहिला, तर ती जागेवर होती. पण पोट काढायला ब्लेड लागत नाही. वाळलेल्या पतंगाच्या पोटाखाली सुई धरून अगदी हलके वर उचललं की ते टक्कन सुटतं. म्हणजे सुटायला हवं. ते कुठेही तुटू शकतं, आणि सुटलंच तर उडून कुठेही पडू शकतं.

"मला तासभर हाक मारू नकोस," असं बायकोला सांगून किडेसाहेब मागच्या खोलीत गेले आणि त्यांनी कडी लावली. बाहेर बायकोने पदर तोंडात धरला.

आत किडेसाहेबांनी माळ्यावरून सूक्ष्मदर्शक उतरवून मांडला आणि डबी उघडली. त्यांनी श्वास रोखला, कारण श्वासानेसुद्धा पंख उडाला असता. सुई उचलली, ठेवली. घाम पुसला. पुन्हा उचलली. आयुष्यात त्यांनी मोठ्या साहेबांपुढे कधी तोंड उघडलं नव्हतं, रांगेत पुढे घुसणाऱ्याला कधी हटकलं नव्हतं, आणि आता बावीस वर्षांचं एक मत सुईच्या टोकावर धरून ते बसले होते. डोळे मिटून घ्यावेत असं त्यांना फार वाटलं. सुई टेकवली. टक्.

पोट पांढऱ्या कागदावर पडलं होतं. अख्खं.

किडेसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पोट ओल्या कुंचल्याच्या टोकावर घेऊन एका छोट्या बाटलीत कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात सोडलं. दोनेक तासांत आतली घाण विरघळते, वरचे खवले सुटतात आणि कठीण आकडे तेवढे उरतात. बाकीचा पतंग डबीत बंद केला. मग आठवड्यात पहिल्यांदाच हलक्या मनाने ते दार उघडून, गुणगुणत, अंघोळीला गेले.

न्हाणीघराची कडी वाजली मात्र, बायको, नर्सबाई आणि मोजणीदार मागच्या खोलीत शिरले. टेबलावर सूक्ष्मदर्शक, सुया, चिमटे, कुंचला आणि बाटली. नर्सबाईंनी बाटलीवरची चिठ्ठी वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"कॉस्टिक आहे हे! बाई गं, हे पिणार होते की काय?"

बायको मटकन खाली बसली. नर्सबाईंनी अशी संकटं खूप पाहिली होती. त्यांनी बाटली दोन बोटांत धरून स्वयंपाकघरात नेली, भांडी घासायच्या मोरीत रिकामी केली, वर तांब्याभर पाणी ओतलं, भांड्यांचा साबण ओतला आणि आणखी तांब्याभर पाणी ओतलं.

किडेसाहेब टॉवेल गुंडाळून बाहेर आले. मागच्या खोलीत डोकावले. मग त्या इमारतीत आजवर न ऐकलेला असा एक आवाज झाला.

"माझं पोट कुठाय?"

"जागेवर आहे, जागेवर आहे," नर्सबाई पुढे होत म्हणाल्या. "घाबरू नका. हात लावून बघा पाहू."

"हे नव्हे! बाटलीत होतं ते!"

तिघांनीही एकमेकांकडे पाहिलं. मोजणीदारांनी नर्सबाईंच्या कानात विचारलं, "म्हणजे काढलं की काय यांनी?"

यानंतर जे बोलणं झालं ते एकाच वेळी चौघांचं झालं, त्यामुळे ते क्रमाने सांगणं शक्य नाही. पण शेवटी किडेसाहेबांनी डबी उघडून बिनपोटाचा पतंग सगळ्यांसमोर धरला, आणि घरात शांतता पसरली. मोरी तेवढी गुडगुडत होती.

"पाणी बंद!" किडेसाहेब ओरडले. "कोणी नळ सोडायचा नाही! पाइपाला हात लावायचा नाही!" टॉवेल एका हाताने धरून त्यांनी स्वतः नळ आवळला. इतक्या जोरात बोललेला नवरा बायकोने लग्नानंतर प्रथमच पाहिला.

प्लंबर आला तेव्हा किडेसाहेबांनी कपडे घातले होते, पण सदऱ्याची बटणं चुकली होती.

"काय पडलंय साहेब? अंगठी?"

"पोट."

प्लंबरने बरीच घरं पाहिली होती. "केवढं?" एवढंच त्याने विचारलं.

"तांदळाच्या दाण्याहून लहान."

मोरीखालचा वाकडा पाइप उघडून त्याने आतला सगळा ऐवज घमेल्यात काढला. तो पांढऱ्या फडक्यावर गाळला. फडक्यावर काय नव्हतं? चहाची पत्ती होती, भाताची शितं होती, केस होते, एक बटण होतं जे वर्षभर सापडत नव्हतं. किडेसाहेब ते पाहून खुर्चीत बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं.

इथे मोजणीदार जागे झाले. त्यांनी घरून टेप आणि पेन्सिल आणली, फडक्यावर चौकोन आखले आणि प्रत्येकाला नंबर दिला. "शोध घ्यायचा तर पद्धतशीर. गट नंबर एक, बघा." एरवी हा माणूस अर्धा दिवस एक खुणेचा दगड शोधण्यात घालवत असे. सुया आणि भिंग घेऊन चौघं वाकले. जिन्यात गर्दी जमली होती, आणि तिथून सल्ले येत होते. कोणी म्हणे चुंबक फिरवा. कोणी म्हणे फडकं वाळू द्या, मग फुंका. फुंका हा शब्द ऐकून किडेसाहेब किंचाळले.

"या पतंगांच्या अळ्या चालतात कशा ठाऊक आहे?" गट नंबर चारमध्ये किडेसाहेब स्वतःला धीर द्यायला पुटपुटले. "पाठीची कमान करून, मागचं टोक पुढच्यापाशी आणून. वितीने जमीन मोजावी तशा. सगळ्या जगात या कुळाला जमीन मोजणारेच म्हणतात."

"आमच्यातलेच की मग," मोजणीदार म्हणाले, आणि त्यांनी गट नंबर पाच जास्त आपुलकीने पाहिला.

नऊ नंबरपर्यंत काही निघालं नाही. दहा नंबरमध्ये तपकिरी, लांबट असे पाच-सहा दाणे सापडले. किडेसाहेबांनी भिंग लावलं, पण डोळ्यांत पाणी असल्यामुळे त्यांना सगळेच दाणे थरथरताना दिसत होते.

"जिरं आहे ते," नर्सबाई म्हणाल्या. "टाका."

"थांबा," बायको म्हणाली.

सात वर्षं घरात किडा येऊ न देणारी ती बाई पुढे वाकली. तीस वर्षं तिने रोज धान्य निवडलं होतं. भिंग न घेताच तिने दाण्यांवरून एक बोट फिरवलं आणि एकापाशी थांबवलं.

"हे जिरं नाही. जिऱ्याच्या रेघा उभ्या असतात. याला आडवी कडी आहेत."

किडेसाहेबांनी भिंग लावलं. आडवी कडी होती. मोजली. बरोबर होती. कॉस्टिक, साबण आणि पाइपातली घुसळण यांनी मिळून ते असं स्वच्छ केलं होतं, की त्यांच्या कुंचल्याने दिवसभर खपून झालं नसतं. टोकाला दोन बाजूंना दोन चिमटे स्पष्ट दिसत होते.  किडेसाहेबांनी बायकोचं ते बोट धरलं, आणि जिन्यातली गर्दी पाहत असूनही सोडलं नाही.

सगळे गेल्यावर बायकोने स्वयंपाकघराचं दार लावलं आणि मग ती जी भडकली, ती भडकली.

"एका किड्यासाठी आठवडाभर जेवला नाहीत? माझा जीव टांगणीला लावलात? कालपासून मी काय काय डोळ्यांसमोर आणलंय, कल्पना आहे?"

"अगं, जगात एकच आहे गं तो," किडेसाहेब कळवळून म्हणाले. "गेला असता तर दुसरा कुठून आणला असता?"

"आणि माझ्याकडे काय कपाटात दुसरा ठेवलाय?" बायको म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं.

किडेसाहेबांना फार लाज वाटली. आठवडाभर भीती आपल्यालाच वाटते आहे, अशा समजुतीत ते होते.

सोमवारी सकाळी फाटकवाल्याने वही उघडली. 'पतंग, मयत, एक नग.' मग डबी पाहिली. मग बाटली पाहिली. "हे दोन झाले."

"एकच आहे हो. ते त्याचंच पोट."

"गेला एक, आले दोन. जास्तीचा आला तर मला उत्तर द्यावं लागतं, म्हणालो होतो की नाही?" फाटकवाल्याने चार वेळा मोजलं, दोन ठिकाणी फोन केला आणि शेवटी लिहिलं, 'एक नग परत. पोट सुटे.' किडेसाहेबांची सही घेतली, बाटलीची वेगळी घेतली. तोवर दहा वाजून गेले होते आणि तज्ज्ञ बाई वर वाट पाहत बसल्या होत्या.

बाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी आपल्याबरोबर आणलेला सूक्ष्मदर्शक मांडला आणि डोळा लावला. किडेसाहेब हात पाठीमागे बांधून उभे राहिले. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे सरकला, पुन्हा सरकला. बाईंनी एक चित्र काढून पाहिलं, दुसरं काढलं, पुन्हा डोळा लावला. किडेसाहेबांना मोठ्या साहेबांचं हसणं ऐकू यायला लागलं.

"अकराही जातींचे आकडे वेगवेगळे, पण प्रत्येक चिमट्यावर एकच असतो," बाई डोळा न काढता म्हणाल्या. "याला दोन आहेत." मग त्या वळल्या. "बारावा आहे हा. तुम्ही बावीस वर्षं कुठे होतात?"

"इथेच," किडेसाहेब म्हणाले. मग कोणी बसा म्हणायच्या आतच ते समोरच्या खुर्चीत बसले.

"आणि साफ फार सुरेख केलंय. पद्धत कोणती?"

किडेसाहेबांना मोरी आठवली. "घरगुती," ते म्हणाले. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं.

त्या दिवशी 'किरकोळ' खणातून एक चिठ्ठी निघाली आणि घराण्याच्या खणात अकराव्या रांगेनंतर किडेसाहेबांनी स्वतःच्या हाताने एक टाचणी रोवली. हात नेहमीसारखाच कापत होता, पण टाचणी सरळ बसली.

पाचला ते खाली आले, तर फाटकाशी बायको उभी. "चारपासून उभ्या आहेत," फाटकवाला म्हणाला. "आत या म्हटलं, तर येत नाहीत. किडे आहेत म्हणतात."

 बायकोने नुसतं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. किडेसाहेबांनी बोटांनी बारा दाखवले, आधी दहा आणि मग दोन. तिने डोळे टिपले, त्यांच्या सदऱ्याचं एक चुकलेलं बटण लावलं आणि त्यांचा दंड धरून चालायला लागली.

"थांबा, थांबा," फाटकवाल्याने सवयीने वही पुढे ओढली. "बाहेर काय नेताय? पास?"

बायको मागे वळली.

"लिहा," ती म्हणाली. "एक नग. पोटासकट."